पहिल्या ऑडिटला बसण्याआधी

मानसोपचार विभागाच्या ऑडिटमध्ये रुग्णांच्या फायलींतल्या नोंदी ठरलेल्या निकषांवर तपासायच्या असतात. त्या फायली स्वतः निवडू नकोस. रजिस्टरमधली दर पाचवी फाईल काढ, नाहीतर नीटनेटक्याच हाती येतात. निकष आधीच कागदावर लिहून काढ.

सर्वात जास्त वेळ आत्महत्येच्या जोखमीच्या नोंदीवर घालव. नुसतं ‘नाही’ लिहिलेलं असेल तर ती नोंद अपुरी धर. काय विचारलं, रुग्ण काय म्हणाला, घरी कोण आहे, हे सगळं हवं. आपल्या गोव्यात रुग्ण कोकणीत बोलतो आणि फाईल इंग्रजीत भरते. एका फाईलीत फक्त ‘इन्सोम्निया’ (निद्रानाश) होतं. बाई म्हणाली होती, “म्हाका न्हीद पडना, घोव दर्यार आसा.” नवरा बोटीवर आहे, ही अर्धी गोष्ट कागदावर आलीच नव्हती. मला ते अजून खुपतं.

लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तारखेसह शोध. सही, वेळ पटकन बघून घे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला आपली नोंद मागण्याचा हक्क दिला आहे. म्हणून ‘त्रासदायक पेशंट’ असले शब्द दिसले की खूण कर. अहवालात डॉक्टरांची नावं घालू नकोस. तीन महिन्यांनी त्याच निकषांवर पुन्हा तपास.