ऑनसेमी म्हणजे मोटोरोलाच का? आणि तिचा माल तेवढा चांगला असतो का?

तुम्ही विचारलंय की मोटोरोलाचा सेमीकंडक्टरचा धंदा पुढं कुणाकडं गेला, ऑनसेमी ही नवी कंपनी की जुनीच, आणि तिचे ट्रान्झिस्टर मोटोरोलाइतके भरवशाचे असतात का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुठंही मिळतील. मी लिहायला बसलोय ते तिसऱ्यासाठी, कारण त्यावरूनच २००२ साली मला भर तालमीत डुप्लिकेट माल लावणारा ठरवलं होतं.

आधी कंपनीचं. मोटोरोलानं १९४९ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला सेमीकंडक्टरचं काम सुरू केलं आणि १९५५ मध्ये गाडीतल्या रेडिओसाठी पॉवर ट्रान्झिस्टर बाजारात आणला. पुढं ६८००० सारखे प्रोसेसर आले, १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये तोच होता. नाव प्रोसेसरनं झालं, पण आमच्यासारख्यांची चूल पेटत होती ती डायोड, ट्रान्झिस्टर, रेग्युलेटर असल्या किरकोळ मालावर. त्यात एका नगामागं सुटतं थोडं, खप मात्र अफाट. १९९८ ला मोटोरोला तोट्यात गेली, इरिडियम या सॅटेलाइट फोनच्या कंपनीत तिचा पैसा अडकला, आणि ऑगस्ट १९९९ मध्ये हा किरकोळ मालाचा विभाग टेक्सास पॅसिफिक ग्रुप या गुंतवणूक कंपनीच्या हाती गेला. सौदा सुमारे १.६ अब्ज डॉलरचा. इरिडियमचं दिवाळं वाजलं तेही त्याच महिन्यात. या विभागाचं नवं नाव ऑन सेमीकंडक्टर, म्हणजेच आजची ऑनसेमी. प्रोसेसरवाला विभाग २००४ मध्ये फ्रीस्केल म्हणून वेगळा झाला आणि २०१५ मध्ये एनएक्सपी या चिप बनवणाऱ्या कंपनीत मिसळला. गूगलनं घेतली आणि नंतर लेनोव्होला विकली ती मोबाइलची मोटोरोला, तिचा इथं काही संबंध नाही.

म्हणजे ऑन ही नवी कंपनी नव्हेच. जुन्याच घराला नवी पाटी लावलेली.

आता माझं. तेव्हा माझं दुकान कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत होतं. गणपतीच्या आधी पंधरा दिवस आमच्या पेठेतल्या एका तालमीचा अ‍ॅम्प्लिफायर आला, एका चॅनेलचे आउटपुट, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे ट्रान्झिस्टर, सगळे गेलेले. चार एमजे १५००३, चार एमजे १५००४. मी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आठ नग मागवले. डबा उघडला तर ट्रान्झिस्टरच्या धातूच्या कवचावर, म्हणजे कॅनवर, मोटोरोलाच्या ‘एम’ऐवजी ‘ऑन’चा गोल शिक्का. मी सायबर कॅफेत जाऊन डेटाशीट, म्हणजे कंपनीचा माहितीचा कागद, काढली. आकडे तेच, १४० व्होल्ट, २० अँपिअर, २५० वॅट. आणि नावाखाली स्वच्छ लिहिलेलं की ही पूर्वी मोटोरोलाचीच शाखा होती. मायका, ग्रीस नवीन घालून सेट जोडला, चार तास डमी लोडवर, म्हणजे स्पीकरऐवजी रेझिस्टर जोडून, चालवला. उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक हाताला सोसेल एवढाच तापला.

तालमीचे तात्या सेट न्यायला आले. माणूस जुना, व्हॉल्व्हच्या काळापासून कर्ण्याचा धंदा केलेला, वडिलांचे दोस्त. त्यांनी मागचं झाकण काढायला लावलं. “हे काय लावलंयस रं? ऑन-ऑफ काय लिवलंय हे? मोटोरोलाचं एम कुठं हाय?” मी डेटाशीट पुढं केली. त्यांनी कागदाला हातही लावला नाही. संध्याकाळी तालमीत बैठक होती, तिथं पंचवीस-तीस पोरांसमोर म्हणाले, “ह्याच्या बापानं कधी डुप्लिकेट लावला नव्हता.” माझे आठही नग काढायला लावले, मजुरी दिली नाही, आणि दुसऱ्या एका दुकानातून चकचकीत ‘एम’ छापलेले आठ नग बसवून आणले.

विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडवर साडेअकराच्या सुमारास तो चॅनेल गेला. आउटपुट शॉर्ट झाले, डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, थेट स्पीकरवर आली आणि चार बासच्या कॉइल जळाल्या. मी गर्दीतच होतो. आनंद झाला नाही, ढोलाच्या मध्येच आवाज तुटला तेव्हा पोटात गोळाच आला.

पोरांपैकी एकानं जळालेले नग मला आणून दिले. त्यातला एक आणि माझ्याकडचा ऑनचा एक असे दोन्ही मी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडं नेले आणि कॅनच्या टोप्या कडेनं कापून घेतल्या. ऑनच्या आत तांब्याच्या जाड पट्टीवर सिलिकॉनची चिप, तुरीच्या डाळीएवढी. ‘एम’वाल्यात मोहरीहून जरा मोठा ठिपका, नुसत्या पत्र्यावर चिकटवलेला. एवढ्याशा ठिपक्यातून २० अँपिअर? दोन-तीन अँपिअरचा एखादा साधा ट्रान्झिस्टर मोठ्या कॅनमध्ये घालून वर शिक्का मारला होता.

ज्या नावाला गिऱ्हाईक पैसे मोजतं, त्याच नावाचा शिक्का नकलवाला मारणार. २००२ मध्ये कोल्हापुरात ‘ऑन’ला कुणी विचारत नव्हतं, म्हणून त्याची नक्कल करायची कुणाला गरजच नव्हती. तात्यांना मी हेच सांगायला गेलो. ते म्हणाले जनरेटरची लाईट कमी-जास्त झाली असणार. ट्रान्झिस्टर बघितलेच नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगतो, आज कुणी नवाकोरा ‘मोटोरोला’चा ३०५५ नंबरचा ट्रान्झिस्टर दाखवला तर एवढंच विचारा की पंचवीस वर्षं हा होता कुठं. मोटोरोलानंतर तो ऑनच्याच नावानं बनत आला, नंबराच्या शेवटी ‘जी’ असेल तर तो शिशाविना बनलेला. मल्टिमीटर लावून काही कळत नाही, नकलीही मल्टिमीटरवर ठणठणीत दाखवतो. दहा घेतले तर एक कापा.

पुढचा इतिहास थोडक्यात: ऑनचे शेअर २००० मध्ये बाजारात आले १६ डॉलरला, २००२ मध्ये भाव दोन डॉलरच्याही खाली. डोक्यावर कर्ज होतं आणि वर मंदी. तिथून सावरून २०११ मध्ये सान्योचा सेमीकंडक्टरचा धंदा घेतला, म्हणजे टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असलेल्या एसटीके या अ‍ॅम्प्लिफायर आयसीचं घराणंही इथंच आलं. २०१६ मध्ये २.४ अब्ज डॉलरला फेअरचाइल्ड घेतली. इंटेल काढणारे नॉइस आणि मूर ज्या कंपनीतून बाहेर पडले ती ही. २०२१ पासून नाव नुसतं ऑनसेमी, आणि मोठा जोर विजेच्या गाड्यांसाठी लागणाऱ्या सिलिकॉन कार्बाइडच्या चिपांवर.

दोन गोष्टी राहिल्या. जुन्या साठ्यातले खरे मोटोरोलाही कुठं कुठं निघतात, सगळेच खोटे म्हणू नका. आणि आता ‘ऑन’च्याही नकला येतात, बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. गाड्यांच्या चिपांबद्दल मी बोलणार नाही, माझा हात अ‍ॅम्प्लिफायरवर बसलेला.

दोन्ही कापलेले कॅन दुकानाच्या काउंटरच्या खणात आहेत. तालमीतलं कुणी हे वाचत असेल तर येऊन बघून जा.