अंगणातली बिट्टी आणि पिल्लू

प्रश्न : अंगणात पिवळी कण्हेर आहे. सात महिन्यांचं पिल्लू खाली पडलेल्या बिट्ट्या चघळतं. झाड काढावं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, काढाच. लहानपणी आपण बिट्ट्यांनी खेळलो, म्हणून भीती वाटत नाही. पण बीमधलं विष थेट हृदयावर जातं. लाल कण्हेरीचंही तेच, अगदी वाळलेलं पानसुद्धा विषारी. माझ्याकडे असंच एक पिल्लू आलं होतं. हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती, स्टेथोस्कोपमध्ये ठोके अडखळत होते. रात्रभर जीव टांगणीला.

यापुढे चघळलंच, तर मिठाचं पाणी पाजू नका. उरलेला तुकडा पिशवीत घ्या, थेट दवाखाना गाठा. छाटलेल्या फांद्या जाळू नका, धूरही वाईट. आणि कुंडीत सायकस, म्हणजे ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड, असेल तर तोही हलवा; त्याच्या बियांनी यकृत निकामी होतं.