सोंताकू : मनाला लावलेली मोजपट्टी

‘जपानी पत्रकारितेविषयीच्या लेखांत भेटणाऱ्या सोंताकू या शब्दाला मराठीत सेन्सॉरशिप म्हणावे की लांगूलचालन?’ असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही नकोत, आणि दोन्ही वाचून वाचून मी विटलो आहे. सेन्सॉरशिपला जपानीत केनएत्सू असा स्वतंत्र शब्द आहे आणि १९४७ पासून अमलात असलेल्या राज्यघटनेच्या २१व्या कलमाने तिला बंदी आहे. लांगूलचालनात शेपूट हलते आणि ते दिसावे म्हणूनच हलवलेले असते. सोंताकू म्हणजे वरिष्ठाच्या मनातले त्याने न सांगता ओळखून तसे वागणे; त्यात कोणी हुकूम सोडत नाही आणि कोणाचे शेपूटही हलत नाही.

शब्दात दोन चित्राक्षरे आहेत. दुसऱ्या अक्षराचा अर्थ मापणे. पहिल्यात डावीकडे हृदयाची खूण आणि उजवीकडे ‘सून’, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटरचे जुने लांबीचे माप. उजवी खूण केवळ उच्चारापुरती आहे, असे कोशकार बजावतात आणि पुरावा म्हणून झाडाच्या खुणेला हीच खूण जोडून होणारे ‘गाव’ हे अक्षर पुढे करतात, कारण तिथे मापाचा काही संबंध नाही. त्यांचा पुरावा त्यांना लखलाभ होवो. हृदयाला मोजपट्टी लावलेली समोर दिसत असताना तो निव्वळ योगायोग मानण्याइतका अरसिकपणा माझ्याच्याने होणार नाही. शिजिंग या प्राचीन चिनी काव्यसंग्रहातही ‘दुसऱ्याच्या मनात जे असते ते मी मापतो’ अशा आशयाची ओळ याच दोन अक्षरांनी साधली आहे. आपल्या ‘अनुमान’मधला ‘मा’ धातूही मापण्याचाच, हे कळल्यावर तर मला त्या रात्री झोप लागली नाही.

हा शब्द मुळात वाईट नव्हता. ओसाकाजवळच्या तोयोनाका येथील ९५ कोटी ६० लाख येन मूल्यांकनाची सरकारी जमीन मोरितोमो गाकुएन या शिक्षणसंस्थेला १३ कोटी ४० लाखांना विकली गेल्याचे प्रकरण २०१७ मध्ये गाजले. अधिकाऱ्यांनी तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांचे मन ओळखून हे केले काय, या वादात सोंताकू घरोघरी पोहोचला आणि बदनाम झाला.

पत्रकारांना तो चिकटतो, त्याचे कारण त्यांच्या बसण्याउठण्यात आहे. मंत्रालयाच्या इमारतीतच ‘किशा कुराबू’ची, म्हणजे पत्रकार-मंडळाची खोली असते; एकेका नेत्यामागे नेमलेला ‘बान-किशा’ रात्री त्याच्या दाराशी तिष्ठत उभा राहतो आणि छापायचे नाही या अटीवर दोन वाक्ये पदरात पाडून घेतो. अशा माणसाला उद्या कोणता प्रश्न विचारू नये, हे कोणी सांगावे लागत नाही. मे २०२० मध्ये तर, कोरोनाची आणीबाणी चालू असताना, तोक्योच्या उच्च सरकारी अभियोक्ता कार्यालयाचे प्रमुख हिरोमू कुरोकावा वृत्तपत्रांच्या लोकांबरोबर पैसे लावून माजाँग हा सोंगट्यांचा खेळ खेळल्याचे उघड झाले आणि त्यांना पद सोडावे लागले. एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे अध्यक्ष कात्सुतो मोमीई यांनी २०१४ मध्ये, सरकार उजवीकडे म्हणत असताना आम्हाला डावीकडे म्हणता येणार नाही, अशा अर्थाचे विधान केले होते. त्याला सोंताकू म्हणणारे चुकतात, कारण जे तोंडाने बोलून दाखवले ते सोंताकू उरतच नाही.

मूळ प्रश्न राहिलाच. मराठीत ‘मनकवडेपणा’ लिहावे. हा तर स्तुतीचा शब्द, अशी हरकत येईल. सोंताकूही २०१७ पूर्वी निंदेचा नव्हता.