कोटेशनमधले पोर्ट नंतर मोजा, आधी वॅट मोजा

दोन मजले, साठ माणसं, जुने अनमॅनेज्ड स्विच (नेटवर्कच्या केबली जोडणारे, पण सेटिंग करता न येणारे डबे). आता आयपी फोन, कॅमेरे आणि वायफाय वाढवायचंय, आणि व्हेंडर म्हणतोय 'सगळंच बदला'. कोटेशनमध्ये काय बघायचं आणि सर्व्हिस करार घ्यायचा का, असं तुम्ही विचारलंय. बदलायला हरकत नाही. पण घोडं पेंड खातं ते पीओईपाशी, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देण्याच्या सोयीपाशी.

'२४ पोर्ट पीओई प्लस' वाचलं की चोविसही पोर्ट पूर्ण वीज देतील असं आपण धरून चालतो. ८०२.३एएफ मानकात एका पोर्टला १५.४ वॅट, ८०२.३एटीमध्ये, म्हणजे पीओई प्लसमध्ये, ३० वॅट. चोवीस गुणिले ३० म्हणजे ७२०. पण २४ पोर्टचे पुष्कळ स्विच एकूण १९५ किंवा ३७० वॅटचेच असतात. त्यात फसवणूक नाही, आकडा डेटाशीटमध्ये छापलेला असतो. फक्त कोटेशनमध्ये तो सहसा उतरत नाही. साधे फोन थोडक्यात भागवतात. वायफायचे ॲक्सेस पॉइंट आणि इन्फ्रारेडवाले कॅमेरे एकत्र आले की मात्र गणित फसतं. दिवसभर सगळं सुरळीत, आणि अंधार पडून कॅमेऱ्यांचे दिवे लागले की एकेक कॅमेरा बंद पडायला लागतो! प्रत्येक उपकरणाचे कमाल वॅट लिहून बेरीज करा आणि वर पाव हिस्सा शिल्लक ठेवा. हीच बेरीज यूपीएसवाल्यालाही द्या, कारण आता स्विच गेला की फोनही गेले.

'स्विचिंग कपॅसिटी'च्या, म्हणजे स्विच सेकंदाला एकूण किती डेटा हलवतो त्याच्या, मोठ्या आकड्यांना भुलू नका. २४ गिगाबिट पोर्टना, येणारा आणि जाणारा डेटा मिळून, ४८ गिगाबिट पुरतात आणि एवढं आता बहुतेक स्विच देतात. त्यापेक्षा दोन मजल्यांमधला दुवा बघा. तिथे एकच एक गिगाबिटची केबल असेल, तर अख्खा मजला त्या एका नळीतून पाणी पिणार. १० गिगाबिटचे एसएफपी प्लस पोर्ट (फायबर जोडता येतील असे) आणि दोन फायबर दुवे मागा. त्या पोर्टमध्ये बसवायची मॉड्यूल कोटेशनमध्ये धरलीत का तेही बघा. ती विसरली जातात आणि ऐनवेळी वेगळं बिल येतं.

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारे, स्विच का, ते मी ठेच लागून शिकलो. एका ऑफिसात मीटिंग रूम आवरताना कुणीतरी लोंबकळणारी केबल 'नीट' म्हणून भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटात खोचली. दोन्ही टोकं एकाच नेटवर्कात. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाला, आयपीसारखा टीटीएल (इतक्या टप्प्यांनंतर पाकीट टाकून द्या, ही मर्यादा) नसतो, त्यामुळे ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना पाठवलेला संदेश, फिरत राहतो, वाढत राहतो. दहा मिनिटांत सगळं ठप्प, आणि आम्ही तीन तास सर्व्हरला दोष देत बसलो. यावरचा उतारा, असा फेरा ओळखून जादा वाट बंद ठेवणारी स्पॅनिंग ट्री पद्धत, रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधला. आमच्या अनमॅनेज्ड डब्यांत तो नव्हता. नवे स्विच आले की रॅपिड स्पॅनिंग ट्री (तिचीच वेगवान आवृत्ती) चालू आहे ना बघा, आणि टेबलांकडे जाणाऱ्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड (तिथे कुणी स्विच जोडला किंवा फेरा झाला तर पोर्ट बंद करणारी सेटिंग) लावून घ्या. फोन, कॅमेरे, पाहुण्यांचं वायफाय वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच स्विचवरच्या वेगळ्या केलेल्या नेटवर्कांत, हे ओघानं आलंच.

फायरवॉलचं, म्हणजे इंटरनेटवरून येणारा-जाणारा डेटा तपासणाऱ्या पेटीचं, एकच सांगतो: माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचा वेग तपासण्या बंद असतानाचा असतो. सगळ्या तपासण्या चालू ठेवून किती मिळतो, तो आकडा लेखी घ्या.

आता करार. घ्या, पण '२४ तास सपोर्ट' या शब्दांवर सही करू नका. फोन उचलणं वेगळं आणि बदली स्विच दारात येणं वेगळं; किती तासांत बदली, हे लिहून हवं. कॉन्फिगरेशनचा (स्विचच्या सेटिंगचा) बॅकअप प्रत्येक बदलानंतर तुमच्याकडे यायला हवा. ॲडमिन पासवर्डही तुमच्याच ताब्यात हवा. व्हेंडर बदलताना जुना माणूस फोन घेत नाही आणि स्विच फॅक्टरी रीसेट करून सगळे व्हीलॅन आठवून आठवून लिहावे लागतात, हे मी दोनदा केलंय. मॉडेलचे फर्मवेअर (स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार, तेही विचारा. स्वस्तात मिळणारा माल कधीकधी याच कारणानं स्वस्त असतो. बजेट आखडतं असेल तर महागड्या करारापेक्षा त्याच मॉडेलचा एक जादा स्विच कपाटात ठेवणं मला जास्त पटतं.

कॅमेरे आणि ॲक्सेस पॉइंट किती, कुठल्या मॉडेलचे, आणि मजल्यांमध्ये सध्या कुठली केबल आहे ते कळवा. वॅटची बेरीज मी करून देतो.