दप्तरातला व्हेप आणि राहून गेलेला प्रश्न

तुमच्या 16 वर्षांच्या मुलाच्या दप्तरात गांजाचा व्हेप (वाफ करून ओढण्याचे छोटे बॅटरीचे उपकरण) सापडला, घरात कडाक्याचे भांडण झाले आणि त्या भांडणात तो म्हणाला, "मी नसतो तर तुम्ही सुटला असता." तुमचे बाकीचे सारे पत्र व्हेपविषयी आहे, माझे मन मात्र या एका वाक्यापाशी अडले आहे.

नशा आणि आत्महत्येचे विचार एकमेकांना खतपाणी घालतात. उदासी, एकटेपणा किंवा न लागणारी झोप सोसेनाशी झाली की काही मुले नशेचा आधार घेतात आणि नशा उतरली की तीच उदासी पुष्कळदा अधिक गडद होऊन परत येते. त्यातच आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, त्यामुळे एरवी येऊन ओसरला असता असा विचार नशेच्या अमलाखाली कृतीपर्यंत जाण्याचा धोका वाढतो. म्हणूनच 'आधी व्यसन सुटू दे, मनाचे मग पाहू' हे मला मुळीच मान्य नाही. दोन्हींवर उपचार एकत्रच व्हायला हवेत.

आजच त्याच्याशी बोला. समोर बसवून उलटतपासणी घेऊ नका. उभ्या गाडीत शेजारी बसून, नजरेला नजर न भिडवता, मुले अधिक मोकळी होतात. "तुला मरून जावेसे वाटते का?" असे स्पष्ट विचारा, त्याला जवळच्या वाटणाऱ्या भाषेत. विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरते, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. उत्तर 'हो' आले तर "सांगितलेस ते बरे केलेस" एवढेच म्हणा, त्याला एकटे सोडू नका आणि घरातली औषधे व दारू कुलपात ठेवा. अमेरिका व कॅनडात 988, ब्रिटनमध्ये 116 123 आणि ऑस्ट्रेलियात 13 11 14 या क्रमांकांवर रात्री-अपरात्रीही मदत मिळते; जिवाला तत्काळ धोका वाटला तर थेट आपत्कालीन सेवेला बोलवा.

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळात चर्चा होईल, या धास्तीने डॉक्टरांपासून काही लपवू नका. व्हेप आणि ते वाक्य, दोन्ही सांगा. भाषेची अडचण असेल तर दुभाषी मागा, ते काम मुलावर किंवा त्याच्या बहिणीवर टाकू नका. आणि डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याने बोलायचे म्हटले, तर निमूटपणे उठून बाहेर बसा.