दांडी की रेल?

प्रश्न : घरगुती सीएनसी राउटरच्या (संगणकाच्या आज्ञेनुसार कटर फिरवून कापणाऱ्या यंत्राच्या) ९०० मिमी लांबीच्या अक्षासाठी केवळ टोकांना आधार असलेल्या १६ मिमी गोल दांड्या व लिनिअर बेअरिंग (दांडीवरून सरळ रेषेत सरकणारे बेअरिंग) चालतील का? लाकूड कापायचे आहे.

उत्तर : नाही. बेअरिंग कितीही चांगले असले, तरी अशा दांडीचा बाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे लांबी दुप्पट झाली की तो आठपट होतो, आणि कटर थरथरून कापाची कड खडबडीत येते. १५ मिमी प्रोफाइल रेल (बैठकीवर पूर्ण लांबीभर बसवायची चौकोनी छेदाची पोलादी रेल) घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र तिची बैठक सपाट आणि दोन्ही रेल समांतर नसतील, तर रेलवर सरकणारा गाडा अडखळतो. तेवढी अचूक बैठक जमणार नसेल, तर पूर्ण लांबीभर आधार असलेली गोल रेल निवडावी. ती बैठकीतली किंचित चूक सांभाळून घेते. भुश्यापासून संरक्षण दोन्हींना हवेच.