टाकी लांब केल्याने भिंतीवरचा पाण्याचा जोर वाढतो का?

तुमची टाकी द्राक्षबागेसाठी, पाणी ३ मीटर खोल, भिंत ४ मीटर रुंद. तिच्यावर पाण्याचा एकूण जोर किती, आणि टाकी मागच्या बाजूला दुप्पट लांबवली तर ही भिंत जाड करावी लागेल का, असं विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. भिंतीमागे पाणी २ मीटर लांबीपर्यंत पसरलेलं असो की अख्खं गंगापूर धरण, खोली तीच असेल तर स्थिर पाण्याचा जोर तोच. इथे नाशिकला डिप्लोमाच्या मुलांना मी हे शिकवतो, तेव्हा निम्मा वर्ग मान हलवतो, पण पटलेलं नसतं. सायमन स्टेविनने १५८६ सालीच हे मांडून ठेवलंय.

आता आकडे. पृष्ठभागावर दाब शून्य धरायचा (हवेचा दाब भिंतीच्या दोन्ही बाजूंनी असतो, तो कटतो). तळाशी दाब ९.८१ गुणिले ३, म्हणजे २९.४३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. वरून खाली तो सारखा वाढत जातो, म्हणून सरासरी १४.७१५. भिंतीचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. गुणाकार १७६.५८ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १८ टन!

बहुतेक जण इथेच पेन खाली ठेवतात. पण हा जोर लागतो कुठे? दाब वर शून्य आणि खाली जास्त, म्हणजे त्याची आकृती खाली रुंद त्रिकोणाची असल्यामुळे सेंटर ऑफ प्रेशर (सगळा जोर जिथे एकवटला असं धरता येतं तो बिंदू) पृष्ठभागापासून दोन तृतीयांश खोलीवर, म्हणजे तळापासून १ मीटरवर येतं. भिंतीला वरून आणि बाजूंनी आधार नसेल, तर तळाशी दर मीटर रुंदीला ४४ किलोन्यूटन-मीटर मोमेंट (भिंत वाकवू पाहणारा परिणाम: जोर गुणिले तळापासूनचं अंतर) येतो. पाणी दीड मीटरच ठेवलं तर जोर चौथाई होतो आणि मोमेंट आठवा हिस्सा. म्हणून जास्त पाणी हवं असेल आणि जागा असेल, तर खोली वाढवण्यापेक्षा टाकी पसरवा.

दोन तृतीयांशचा नियम मात्र सगळीकडे लावू नका. तो भिंत पृष्ठभागापासून सुरू होते तेव्हाच चालतो. परीक्षेत हमखास बुडालेली झडप देतात. समजा ती १ मीटर उंच, २ मीटर रुंद, वरची कड पाण्याखाली २ मीटर. तिचा मध्य २.५ मीटरवर, जोर ४९.०५ किलोन्यूटन. सेंटर ऑफ प्रेशर मध्याच्या जेमतेम ३.३ सेंटिमीटर खाली. किती खाली, ते काढायला जडत्वाघूर्णाला (झडपेचं क्षेत्रफळ तिच्या मध्यापासून किती पसरलंय त्याचं माप, मोमेंट ऑफ इनर्शिया) क्षेत्रफळ आणि मध्याची खोली यांच्या गुणाकाराने भागायचं.

टाकी जमिनीत असेल तर ती रिकामी असतानाचं गणितही डिझायनरकडून करून घ्या. तेव्हा आतून पाण्याचा आधार नसतो आणि बाहेरची ओली काळी माती भिंतीला आत ढकलते.